घर हे बंदिगृह होऊ नये

अल्पवयीन मुलावर आरोप आला की न्यायालयापुढे पहिला प्रश्न येतो : सुनावणीपर्यंत त्याला ठेवायचे कोठे? बंदिगृहात पाठवले, तर शाळा सुटते, सोबत बिघडते. अमेरिकेत सेंट लुईस शहराने १९७१ साली दुसरी वाट धरली. मुलाने आईवडिलांपाशी राहावे, शाळेत जावे, नेमून दिलेल्या वेळी घरातच असावे आणि न्यायालयाच्या कार्यकर्त्याने दररोज त्याची विचारपूस करावी, अशी ती घरच्या घरी स्थानबद्धता होती.

पुढे घोट्याला बांधायचा इलेक्ट्रॉनिक पट्टा आला. मुलगा कोठे आहे हे पट्टा सांगतो. तो का भरकटला, हे विचारायला माणूसच लागतो. शिवाय या देखरेखीचे शुल्क पालकांकडून घेतले जाई. कॅलिफोर्नियाने अल्पवयीनांच्या बाबतीत ही आकारणी १ जानेवारी २०१८ पासून बंद केली. मुलाच्या चुकीपायी गरीब आईला कर्जबाजारी करणारी व्यवस्था सुधारणेचा दावा कोणत्या तोंडाने करणार?

आपल्या कुटुंबांनी आणखी एक गोष्ट जाणून घ्यावी. ॲरिझोनातील जेराल्ड गॉल्ट या पंधरा वर्षांच्या मुलाला अश्लील दूरध्वनीच्या आरोपावरून वयाच्या एकविसाव्या वर्षापर्यंत सुधारगृहात धाडण्यात आले होते. प्रौढाला त्याच गुन्ह्यासाठी फार तर दोन महिन्यांची कैद झाली असती. १९६७ साली सर्वोच्च न्यायालयाने तो आदेश रद्द ठरवला आणि अशा मुलांचा वकिलाचा हक्क मान्य केला. म्हणून प्रसंग आलाच, तर लाजेने गप्प न बसता वकील मागावा आणि मुलाला घरी ठेवण्याची विनंती त्याच्यामार्फत करावी.

असत्य का टाळावे हे राहुलाला सांगताना तथागतांनी पाण्याचे भांडे पुढे ठेवले. आरशात पाहावे तसे प्रत्येक कृत्य करण्यापूर्वी, करताना आणि केल्यावर पारखून पाहा, असे शिकवले. त्यासाठी मुलाजवळ बसणारे कोणीतरी हवे. दोन पाळ्यांत राबणाऱ्या आईवडिलांना ते एकट्याने साधत नाही. अशा घरावर संकट आले की आपण जाणे-येणे बंद करतो आणि त्या घराच्या भिंती अधिकच उंच करतो. बाबासाहेबांनी सांगितलेल्या बंधुतेची कसोटी तेथेच लागते. विहारातील एखाद्या जाणत्याने आठवड्यातून दोन संध्याकाळी तेथे जाऊन त्या मुलाचा अभ्यास घ्यावा. जयंतीच्या व्यासपीठाइतकेच तेही धम्मकार्य आहे.