जुनी व्हॅन घेताना : रिकामी की भरलेली?

न्यूझीलंडमध्ये मोटारींची जुळणी करणारे शेवटचे कारखाने १९९८ साली बंद झाले. आता तेथील मोटारी बाहेरूनच येतात, आणि जुन्या गाड्यांचा मोठा ओघ जपानमधून येतो. दोन्ही देशांत वाहने डाव्या बाजूने चालतात आणि स्टिअरिंग उजवीकडे असते. त्यामुळे जपानमध्ये काही वर्षे राबलेली टोयोटा हायएस ऑकलंडच्या विक्रेत्याच्या आवारात येऊन पुन्हा नव्यासारखी चकाकत उभी राहते.

इचलकरंजीच्या एका किराणा व्यापाऱ्याच्या धाकट्या मुलाने ऑकलंडमध्ये भारतीय किराण्याचे दुकान काढले, तेव्हा त्याची नजर अशाच व्हॅनवर गेली. दुकानाची अनामत भरून उरलेली जवळजवळ सर्व शिल्लक तीत जाणार होती. गाडी बंद पडली तर माल पोहोचणार नव्हता, आणि दुसरी घेण्यास पैसाही उरणार नव्हता. वडिलांना त्याने फोनवर सांगितले, "आप्पा, गाडी चालवून पाहिली, उत्तम आहे." आप्पांनी विचारले, "रिकामी चालवलीस की भरून?"

मुलाजवळ उत्तर नव्हते. शिवाय दुसरी एक गोष्ट त्याच्या ध्यानात आली. तो पोहोचण्यापूर्वीच विक्रेत्याने इंजिन सुरू करून ठेवले होते. हायएसचे इंजिन पुढच्या आसनांखाली असते. आसन उचलून हात जवळ नेला तरी ते आधीच तापलेले आहे की नाही, हे कळते. जुन्या इंजिनाचा खरा स्वभाव थंड असतानाच प्रकट होतो. किल्ली फिरवताच ते किती वेळाने पेट घेते, पहिल्या मिनिटात खडखडते का, मागून धूर कोणत्या रंगाचा येतो, हे पाहावे लागते. निळसर धूर म्हणजे ऑइल जळत आहे. पांढरा धूर बराच वेळ टिकला आणि त्याला गोडसर वास असला, तर कूलंट आत शिरत आहे. किल्ली फिरवल्यावर डॅशबोर्डवरील इशाऱ्याचे सर्व दिवे क्षणभर लागून मग विझले पाहिजेत. एखादा दिवा लागलाच नाही, तर दोष दुरुस्त झाला असे नसून दिवाच काढला गेला असण्याचा संभव असतो.

ती गाडी त्याने सोडली. दुसऱ्या विक्रेत्याला त्याने आदल्या दिवशीच बजावले, की आपण येईपर्यंत इंजिन सुरू करू नये.

ही दुसरी व्हॅन डिझेलची होती. तेथे डिझेल गाडीवर रस्ता-वापराचे शुल्क आगाऊ भरावे लागते, दर हजार किलोमीटरच्या हिशेबाने. मागची बाकी राहिली असेल, तर ती गाडीबरोबर नव्या मालकाकडे येते. म्हणून शुल्क किती अंतरापर्यंत भरले आहे आणि ओडोमीटर काय दाखवतो, हे ताडून पाहावेच. खासगी व्यक्तीकडून घ्यायची असेल, तर गाडीवर कर्जाचा बोजा आहे का, हे सरकारी तारण नोंदवहीत नंबरावरून कळते. बोजा असताना घेतलेली गाडी सावकार पुढे उचलून नेऊ शकतो. आपल्याकडे जमिनीचा सातबारा पाहिल्यावाचून कोणी बयाणा देत नाही. गाडीच्या बाबतीत मात्र रंगच पाहिला जातो. 'वॉरंट ऑफ फिटनेस' हा सुरक्षिततेचा दाखला आहे, इंजिन किंवा गिअरबॉक्सच्या आयुष्याची हमी नव्हे, हेही पुष्कळांना ठाऊक नसते.

जपानच्या उत्तर भागात हिवाळ्यात रस्त्यांवर मीठ पसरतात. तिकडची गाडी असेल, तर खालून वाकून पाहिल्यावाचून सौदा करू नये. खालच्या भागाला ताजा काळा रंग दिसला, तर तो कशावर लावला आहे, हे विचारावे. आसनाचा पट्टा शेवटपर्यंत ओढून पाहावा. पुरात बुडालेल्या गाडीचा चिखल तेथे लपून राहतो. लिलावाचा जपानी कागद मिळाला तर उत्तमच. त्यावर 'आर' अशी श्रेणी असेल, तर गाडी अपघातानंतर दुरुस्त झालेली असते. (रेडिओवर तेथील बरीचशी केंद्रे लागत नाहीत, कारण जपानी संचाचा एफएम पट्टा वेगळा असतो. तो दोष समजू नये.)

हे सर्व ठीक निघाले. मग मुलाने विक्रेत्याची परवानगी घेऊन पंचवीस किलोची बारा पोती तांदूळ मागे चढवला आणि दोन मित्रांना बरोबर घेतले. विक्रेता हसला, पण हरकत घेतली नाही.

सपाट रस्त्यावर काही जाणवले नाही. गाडी सरळ चालली, ब्रेक दाबल्यावर स्टिअरिंग थरथरले नाही. एसी चालू ठेवून तो चढावर निघाला. निम्म्या चढावर गिअर बदलताना इंजिनाचा आवाज एकदम वाढला, पण वेग वाढला नाही. क्षणभराने धक्का देऊन गिअर पडला. दुसऱ्यांदा तसेच झाले. माथ्यावर पोहोचेपर्यंत तापमानाचा काटा नेहमीच्या जागेवरून वर सरकला होता. तो बाजूला थांबला आणि इंजिन तसेच चालू ठेवून दहा मिनिटे पाहत राहिला. काटा खाली आला नाही. परतताना 'डी'वरून 'आर'वर गिअर टाकला, तर गाडी बराच वेळ विचार करीत उभी राहिली.

आवारात आल्यावर विक्रेता किंमत कमी करण्यास तयार झाला. मुलाने त्याच दिवशी एका स्वतंत्र मेकॅनिकला फोन करून अशा गिअरबॉक्सच्या दुरुस्तीचा अंदाज घेतला. सवलत त्याच्या निम्मीही नव्हती. किल्ली परत केली.

रात्री आप्पांचा फोन आला, तेव्हा पोती मित्राच्या गॅरेजमध्ये उतरवून झाली होती. "तांदूळ विकायला काढलास का?" त्यांनी विचारले.

"नाही, आप्पा," मुलगा म्हणाला. "शनिवारी तिसरी गाडी पाहायची आहे."