ड्रायव्हर निवडताना

२०१९ च्या जुलै महिन्यात उत्तर आयर्लंडमधील रॉयल पोर्टरश येथे गोल्फची ओपन चॅम्पियनशिप भरली होती. स्पर्धेपूर्वी आर अँड ए या नियामक संस्थेने काही खेळाडूंचे ड्रायव्हर तपासणीसाठी मागवून घेतले आणि त्यांत अमेरिकेच्या झँडर शॉफलीचा ड्रायव्हर नापास ठरला. त्याने कोणतीही लबाडी केलेली नव्हती. क्लब नामांकित कंपनीचा होता, तरी ऐनवेळी त्याला दुसरा शोधावा लागला. १५६ खेळाडूंपैकी तीसएक जणांचीच तपासणी का, असा प्रश्न त्याने जाहीरपणे विचारला. वजनमापे तपासायची तर सगळ्या पेठेची तपासा, हे म्हणणे कोणत्याही व्यापाऱ्याला पटावे असेच आहे.

तो क्लब नापास का झाला, हे समजले की आधुनिक ड्रायव्हरचे निम्मे रहस्य उलगडते.

टीवरून पहिला लांब फटका मारण्याचा हा क्लब पूर्वी पर्सिमन लाकडाचा असे. आपल्याकडे ज्याच्या पानांच्या विड्या वळतात त्या टेंभुर्णीचाच हा अमेरिकन भाऊबंद. १९७९ मध्ये गॅरी ॲडम्स यांनी टेलरमेड कंपनी काढून धातूचा पोकळ ड्रायव्हर बाजारात आणला. १९९१ मध्ये कॅलवेचा बिग बर्था आला. त्याचे १९० घन सेंटिमीटरचे डोके तेव्हा लोकांना राक्षसी वाटले. पुढे टायटॅनियम आले आणि आकार वाढतच गेला. अखेर २००४ पासून ४६० घन सेंटिमीटर ही कमाल मर्यादा ठरली. आज दुकानात दिसणारे बहुतेक ड्रायव्हर याच मर्यादेला टेकलेले असतात.

लाकडी फळी आघाताने वाकत नाही. सारा मार चेंडू सोसतो, चेपतो आणि त्यात ऊर्जा वाया जाते. टायटॅनियमचा पातळ पत्रा मात्र किंचित आत जाऊन स्प्रिंगसारखा परततो, त्यामुळे चेंडू कमी चेपतो आणि अधिक वेगाने सुटतो. या स्प्रिंगलाही नियमाने लगाम घातलेला आहे. पोलादी लोलक पत्र्यावर आदळवून तो किती काळ टेकून राहतो हे मोजतात. मर्यादा २३९ मायक्रोसेकंदांची, वर १८ ची सूट. कंपन्या या मर्यादेच्या अगदी काठावर माल तयार करतात आणि हजारो फटके खाऊन पत्रा आणखी लवचीक होतो. कॅश क्रेडिट खाते मर्यादेच्या टोकापर्यंत वापरावे आणि महिनाअखेरीस व्याज नावे पडताच ते मर्यादेबाहेर जावे, तसाच हा प्रकार.

याचा व्यवहारी अर्थ असा की, मध्यावर बसलेल्या फटक्यापुरता, २००४ नंतरच्या कोणत्याही नियमबद्ध ड्रायव्हरला दुसऱ्याहून फार पुढे जाण्याची मुभाच नाही. दरवर्षीच्या ‘आणखी लांब’ या जाहिराती त्या हिशेबाने वाचाव्यात. खरी प्रगती झाली ती चुकलेल्या फटक्यांत. वरचा भाग हलक्या कार्बनचा करून वाचलेले वजन मागे आणि कडेला नेले की, चेंडू मध्याबाहेर लागला तरी डोके कमी पिळते. २०२२ मध्ये टेलरमेडने तर मारण्याचा पृष्ठभागच कार्बनचा केला. पिळण्याला होणाऱ्या या विरोधालाही ५९०० ची मर्यादा आहे. मग २०२४ च्या जाहिरातींत झळकलेला १०,००० हा आकडा कोठून आला? दोन वेगवेगळ्या अक्षांचे आकडे एकत्र करून. बेरीज खोटी नाही, परंतु दोन खात्यांच्या शिलका एका ओळीत दाखवल्या आहेत हे ग्राहकाने ओळखावे.

पुण्यातील एका घाऊक कापड व्यापाऱ्याच्या घरची हकीकत येथे सांगण्याजोगी आहे. परदेशात नोकरी करणाऱ्या मुलाने वडिलांच्या साठीनिमित्त महागडा ड्रायव्हर आणला, नऊ अंशांचा, स्टिफ शाफ्टचा. दूरदर्शनवरचे विजेते तसाच वापरतात. वडिलांचा फटका मात्र त्याने खुरटला. चेंडू खालून सरपटत उजवीकडे जाई. मुलाला सांगावे तर त्याचे मन दुखावेल, म्हणून सहा महिने ते गप्प राहिले. वय झाले, खेळ आता सोडावा, असे घरात बोलूही लागले.

दोष वयाचा नव्हता. क्लबचा वेग कमी असेल तर चेंडू हवेत टिकण्यासाठी लॉफ्ट, म्हणजे पृष्ठभागाचा कल, जास्त लागतो. साडेदहा, प्रसंगी बारा अंशही. पुरुष ग्राहक कमी अंशांकडेच का ओढले जातात, हे कोडेच आहे. शाफ्टचेही तसेच. ‘रेग्युलर’ आणि ‘स्टिफ’ यांना सर्वमान्य प्रमाण नाही, एका कंपनीचा स्टिफ दुसरीच्या रेग्युलरसारखा निघू शकतो. लांब शाफ्टने वेग वाढतो खरा, पण चेंडू मध्यावर लागणे दुरापास्त होते.

म्हणून लाँच मॉनिटरवर स्वतःचे फटके मोजून घेण्यासाठी दिलेले पैसे सत्कारणी लागतात. क्लबचा वेग, चेंडूचा वेग, उड्डाणाचा कोन आणि फिरकी एवढे आकडे पुरेत. चेंडूचा वेग क्लबच्या वेगाच्या सुमारे दीडपट झाला की फटका उत्तम बसला असे समजावे. जाण्यापूर्वी हात मोकळे करून घ्यावेत, आणि सर्वांत लांब गेलेल्या एका फटक्यावर न भाळता दहाबारा फटक्यांची सरासरी मागावी. नवे मॉडेल येताच मागील वर्षीच्या मालाची किंमत उतरते, गुण उतरत नाहीत. अनोळखी विक्रेत्याकडील फारच स्वस्त माल मात्र बनावट असण्याची भीती असते.

त्या व्यापाऱ्याने अखेर मुलालाच सोबत नेले. आकडे पडद्यावर आले तेव्हा दोघेही थोडा वेळ काही बोलले नाहीत. मग दुकानदाराने पान्याने शाफ्टच्या बुडाची बाही फिरवून लॉफ्ट दीड अंशाने वाढवला आणि हलका, लवचीक शाफ्ट बसवला. डोके मुलाने आणलेलेच राहिले. काढलेला शाफ्ट दुकानदार परत घेत होता, तो वडिलांनी मागून घेतला. आता तो पेढीच्या कोपऱ्यात उभा असतो, आणि वरच्या फळीवरचे तागे खाली ओढायला उपयोगी पडतो.