भुई म्हणा की!

पॉलिनेशियात बेटाबेटांमध्ये हजारो किलोमीटर समुद्र, तरी जमिनीचा शब्द एकच: ताहितीत ‘फेनुआ’, सामोआत ‘फनुआ’, टोंगात ‘फोनुआ’, हवाईत ‘होनुआ’. माओरीत तर ‘फेनुआ’ म्हणजे वारसुद्धा. बाळाची वार ते मातीत पुरतात.

भाषांतराच्या तासाला याला सगळ्यांनी ‘जमीन’ लिहिलं आणि मी अडले. जमीन फारसीतून आली (म्हणून वाईट नाही हं), पण ती सातबाऱ्यावरची, विकता येणारी. आपल्याकडे ‘भुई’ आहे ना, ‘भूमी’तून आलेली! कोकणीत ‘भुंय’, नेपाळीत ‘भुइँ’, छत्तीसगडीत ‘भुइयाँ’. छत्तीसगडच्या जमीन-नोंदींचं सरकारी पोर्टलही याच नावाचं. आपण मात्र तिला भुईमूग, भुईचक्र आणि ‘पळता भुई थोडी’ यांत कोंडून ठेवलंय.

पिपलानीत आम्ही भेलच्या क्वार्टरमध्ये राहतो. पप्पा रिटायर झाले की घर सोडायचं. इथली जमीन आमची नाही, होणारही नाही. पण मी जन्मले इथेच, रांगले इथेच. त्याला जमीन कसं म्हणू?

घरी सगळे ‘जमिनीवर बसू नको’ म्हणतात. मी हल्ली ‘भुईवर’ म्हणते. धाकटा भाऊ हसतो. हसू दे.