चाकरमान्याची पिशवी

मे महिन्यात सावर्डे स्टेशनवर मुंबईहून उतरणारा आपला माणूस बघा. दोन्ही हातांत पिशव्या : आईला साडी, भावजयीला साडी, पुतण्याला मोबाईल. लग्नसराईचा आहेर वेगळाच. धम्म घेतला, देव सोडले. 'मुंबईहून रिकाम्या हातानं कसं जायचं?' हा धाक मात्र सुटला नाही.

आमच्या वाडीतल्या एका भावाने गेल्या वर्षी असा मोबाईल हप्त्यावर आणला. जूनमध्ये स्वतःच्या मुलीच्या अकरावीची फी भरायला बायकोला गटाचं कर्ज काढावं लागलं. मोबाईलची काच फुटली, हप्ते चालूच आहेत.

याला प्रेम म्हणतात. माझ्या मते त्यात भीती जास्त आहे. ज्यांना पिढ्यान्‌पिढ्या हलकं लेखलं, त्यांना आपली किंमत पिशवीवरून ठरेल असं वाटणारच. मलाही वाटतं. पण त्या भीतीचं व्याज आपल्या मुली भरतात, त्याचं काय?

सिगालोवाद सुत्तात कमाईचे चार भाग सांगितलेत : एक उपभोगाला, दोन उद्योगाला, चौथा अडीअडचणीला. मिळकत बघून खर्च करण्याला व्यग्घपज्ज सुत्तात 'समजीविता' असा शब्दच आहे. उधळपट्टी नको, तशी कंजुषीही नको. वंदनेला आपण वेळेवर बसतो, हिशेबाला बसत नाही.

यंदा वाडीच्या बैठकीत मी विषय मांडणार आहे : साड्या-मोबाईल बंद, ज्याला द्यायचंय त्याने ऐपतीप्रमाणे मुलांच्या फीला द्यावं. विरोध होईल. पहिला माझ्या आईचा.