पोटाचा बंदोबस्त

मध्यमवर्गीय माणसाला फुकटात मिळणारी जी मोजकी सुखं अजून शिल्लक आहेत, त्यांत पोलिसाच्या पोटाला हसणं हे एक आहे. त्याला तिकीट नाही, रांग नाही आणि पोलीस समोर नसेल तर धोकाही नाही.

वास्तविक पोट सुटणं ही आपल्याकडे लाजेची गोष्ट कधीच नव्हती. व्यापाऱ्याचं पोट सुटलं की बरकत आली म्हणतात. गवयाचं सुटलं की बैठक आली. जावयाचं सुटलं की सासूला आपल्या लेकीच्या हाताला चव असल्याचा पुरावा मिळतो. पुढाऱ्याचं सुटलं की त्याचं पक्षात वजन वाढलं. आणि ज्याला लंबोदर म्हणून आपण दहा दिवस मोदक चारतो, त्याच्याविषयी तर बोलायलाच नको. अख्ख्या महाराष्ट्रात बदनाम पोट एकच, खाकी सदऱ्याच्या आतलं. ते दिसलं की आपण लगेच निदान करतो, "खाल्लंय!" आणि हे म्हणताना डोळा असा मिचकावतो, की वडापाव हा शब्द ऐकणाऱ्याच्या मनातसुद्धा येऊ नये.

आमच्या बागेतल्या बाकावर सकाळी निवृत्तांची जी संसद भरते, तिच्यात हा विषय आठवड्यातून दोनदा तरी निघतो. आमचे एक स्नेही या खात्याचे मंत्री आहेत. स्वतः बागेला अर्धी फेरी मारतात आणि उरलेली अर्धी मारल्याचं सांगतात. बुटाची नाडी बांधायला त्यांना नातू लागतो. त्यांचं मत असं, की असल्या ढेरपोट्यांना सरळ घरी पाठवावं. "अहो, हा चोरामागे काय धावणार?"

मी म्हटलं, "चोरामागे धावणारा पोलीस तुम्ही शेवटचा कधी पाहिलात?"

"सिनेमात."

"आणि चोर धावताना?"

यावर ते जरा घुटमळले. कारण त्यांना भेटलेला शेवटचा चोर मुळीच धावला नव्हता. तो कुठल्याशा खोलीत पंख्याखाली बसून "सर, आपलं केवायसी अपडेट करायचंय" असं गोड आवाजात बोलला होता. आमच्या स्नेह्यांनीही बसल्या जागेवरून त्याला ओटीपी सांगितला होता. त्या चोराला पकडायला सोळाशे मीटर पळणारा गडी नको, संगणकासमोर रात्र रात्र बसणारा हवा. आणि रात्र रात्र बसलं की काय सुटतं, हे मी सांगायला नको.

मग मी घरून शिंप्याची टेप आणली. आम्हां भारतीय पुरुषांच्या कमरेचा घेर ९० सेंटिमीटरच्या पुढे गेला की डॉक्टर धोक्याची घंटा वाजवतात. म्हटलं, हवालदारांना घरी पाठवण्यापूर्वी संसदेचा घेर तरी मोजू. पण टेप दिसताच एकाला दूध आणायची आठवण झाली, दुसऱ्याच्या बँकेची वेळ झाली, आणि खातेमंत्री म्हणाले, "टेप गार आहे हो." संसद तहकूब झाली.

विनोद बाजूला ठेवतो. माझं म्हणणं साधं आहे. पोलिसाचं पोट त्याचं एकट्याचं नाही. ते सरकारी मालमत्ता आहे, आणि त्यात तुमच्याआमच्या वर्गणीचा वाटा आहे.

पोलीस भरतीचे नियम बघा. पुरुष उमेदवाराची उंची १६५ सेंटिमीटर हवी. छाती न फुगवता ७९ आणि फुगवल्यावर निदान ५ सेंटिमीटर जास्त. शिवाय १६०० मीटर धावणं, १०० मीटर धावणं, गोळाफेक. पहाटेच्या एस.टी.ने कुठल्याही जिल्ह्यातून जा, अंधारात डांबरी रस्त्याच्या कडेने धावणारी पोरं दिसतात. फाटके बूट, एका हातात मोबाईलचा उजेड. ती भरतीची तयारी करत असतात. त्यांच्या पोटाची पाठीशी भेट ठरलेली असते. म्हणजे सरकारच्या ताब्यात येतो तो माल सडपातळ असतो. पुढे दहा-पंधरा वर्षांत त्याचा आकार बदलला, तर कारखान्याला जाब विचारायचा की मालाला?

या कारखान्यात काय चालतं ते आपण रोज बघतो, फक्त बघितल्यासारखं करत नाही. बारा तासांची ड्यूटी. तीही कागदावर बारा. साप्ताहिक सुट्टी असते, पण ती मंत्र्यांच्या दौऱ्यावर अवलंबून. आज दिवसपाळी, उद्या रात्रपाळी, परवा बंदोबस्त. बंदोबस्त म्हणजे नाक्यावर उभं राहणं. ज्याला चालणं म्हणत नाहीत, बसणं म्हणत नाहीत आणि व्यायाम तर नाहीच नाही, असं ते उभं राहणं. जेवायची वेळ म्हणजे मोर्चा पांगेल ती. तोवर वडापाव आणि साखरेत चहा घातलेला कटिंग. रात्री बाराला घरी गेलं की बायको गरम भात वाढते. माणूस तो जेवतो आणि तसाच आडवा होतो, कारण सहाला पुन्हा हजेरी. बाई पोलीस असेल तर आणखी एक हिशेब असतो. नाक्यावर स्वच्छतागृह नाही, म्हणून ती पाणीच कमी पिते.

यात शास्त्रही आहे. झोप तुटली की भूक वाढवणारं घ्रेलिन नावाचं द्रव्य शरीरात वाढतं आणि 'आता पुरे' असं सांगणारं लेप्टिन कमी होतं. म्हणजे जागं ठेवलेल्या माणसाच्या पोटात एक यजमान सारखा आग्रह करत असतो आणि नको म्हणणारा कोणी उरत नाही. आपल्याला असा आग्रह लग्नात होतो. पोलिसाला तो बारमाही होतो.

पण हसण्याची घाई एवढी, की पोट कोणाचं हे बघायलाही सवड नसते. २१ फेब्रुवारी २०१७ रोजी मुंबई महापालिकेच्या मतदानाच्या दिवशी एका नामवंत स्तंभलेखिकेने ट्विटरवर एका अतिस्थूल पोलिसाचा फोटो टाकला आणि मुंबईतल्या 'भारी' बंदोबस्ताची थट्टा केली. मुंबई पोलिसांनी शांतपणे कळवलं, की गणवेशही आमचा नाही आणि माणूसही आमचा नाही. तो निघाला मध्य प्रदेशचा. आणि त्याने सांगितलं, की हे शरीर खाण्याने आलेलं नाही, जुन्या शस्त्रक्रियेनंतरच्या आजाराने आलेलं आहे. पुढे मुंबईतल्याच डॉक्टरांनी त्याच्यावर मोफत शस्त्रक्रिया केली. शेवट गोड झाला म्हणून सगळे खूश. मला मात्र राहून राहून वाटतं, की तो माणूस खरोखरच भजी खाऊन जाड झाला असता, तर त्या थट्टेला आपण योग्यच म्हटलं असतं का?

"मग काय, वजन मोजायचंच नाही?" असं खातेमंत्री विचारतात. मोजा ना! पण कशाने मोजता तेही बघा. २०२३ मध्ये आसामच्या पोलीस महासंचालकांनी जाहीर केलं, की सगळ्या दलाचा बीएमआय मोजणार. जे ३० च्या वर भरतील त्यांना वजन उतरवायला तीन महिने. नाही उतरलं तर स्वेच्छानिवृत्तीचा रस्ता. खऱ्या आजाऱ्यांना सूट. त्यात एक गोष्ट मला मनापासून आवडली. पहिलं वजन आपलंच होईल, असं महासंचालकांनी सांगितलं. आपल्याकडे काटा नेहमी खालच्या पायरीवर ठेवायची पद्धत आहे.

आता हा बीएमआय म्हणजे किलोतल्या वजनाला मीटरमधल्या उंचीच्या वर्गाने भागायचं. १६५ सेंटिमीटरचा माणूस ८२ किलोच्या आसपास गेला की तिशी गाठतो. हे गणित एकोणिसाव्या शतकात बेल्जियमच्या अडॉल्फ केटले यांनी मांडलं. ते मूळचे खगोलशास्त्रज्ञ. आकाशातल्या गोलांकडे बघता बघता त्यांचं लक्ष जमिनीवरच्या गोलांकडे गेलं असावं. पण ते शोधत होते 'सरासरी माणूस', एकेका हवालदाराची पात्रता नव्हे. या गणिताला चरबी कुठली आणि स्नायू कुठला हे कळत नाही. नरसिंग यादव आणि विजय चौधरी यांनी प्रत्येकी तीनदा महाराष्ट्र केसरीची गदा जिंकली आणि दोघांनाही आपल्या पोलीस दलात उपअधीक्षकाचं पद मिळालं. वरच्या गटातल्या असल्या मल्लांना नुसत्या बीएमआयवर तोललं, तर ते लठ्ठांच्या यादीत जायला वेळ लागणार नाही. मग त्यांना तो निकाल समजावून सांगायला मात्र आमच्या खातेमंत्र्यांनीच जावं.

पोलिसाचं पोट चांगलं आहे, असं मी म्हणत नाही. उलट ते फार महागात पडतं, आणि पडतं त्याच्याच घरच्यांना. २०२० च्या एप्रिलमध्ये करोनाने मुंबई पोलिसांचे बळी घ्यायला सुरुवात केली, तेव्हा पंचावन्नच्या वरच्यांना घरी थांबायला सांगावं लागलं. रक्तदाब, मधुमेह असे आजार असलेल्यांसाठी ही मर्यादा बावन्नवर आणावी लागली. त्या दिवसांत आपण गच्चीवर उभं राहून टाळ्या वाजवून घेतल्या होत्या. पण हे आजार त्या एप्रिलमध्ये आलेले नव्हते. ते वर्षानुवर्षं नाक्यावर उभे होते. त्यांना आपण 'ढेरी' म्हणत होतो.

आणि उपाय कोणाला माहीत नाही असंही नाही. २०१६ मध्ये मुंबईच्या देवनार पोलीस ठाण्यात आठ तासांची पाळी करून बघितली. ही योजना कोणा सल्लागार कंपनीने दिली नव्हती, तिथल्याच एका साध्या पोलीस कर्मचाऱ्याने कागदावर बसवली होती. तेव्हाचे आयुक्त दत्ता पडसलगीकर यांनी ती उचलली आणि २०१७ मध्ये शहरातल्या इतर ठाण्यांतही ती लागू झाली. म्हणजे आठ तासांत पोलीसगिरी होऊ शकते. पण त्याला माणसं लागतात. जागा भरल्या नाहीत की दोघांचं काम एकजण करतो, आणि दोघांचं पोटही तोच वाढवतो.

तेव्हा माझ्या मागण्या अशा. आधी आठ तास द्या आणि आठवड्याची सुट्टी सुट्टीसारखी द्या. मग दर वर्षी सगळ्यांना धावायला लावा, वरिष्ठांना पहिल्या रांगेत. भरतीच्या दिवशी छाती मोजून पुढे तीस वर्षं नुसती हजेरी मोजायची, हा कुठला न्याय?

आणि एक मागणी तुमच्याआमच्याकडे. पुण्याची विसर्जन मिरवणूक चोवीस तास उलटले तरी संपत नाही. आपण त्यात हौसेने नाचतो, थकलो की घरी जाऊन झोपतो, उठून पुन्हा बघायला येतो. दोरी धरलेला पोलीस तोच असतो. ही मिरवणूक निम्म्या वेळात आटपूया, असं मी बाकावर सुचवलं, तर खातेमंत्री खवळले. म्हणाले, "परंपरा आहे ती!" बरं, राहू द्या परंपरा. पण मग दोरीमागचं पोटही त्याच परंपरेत मोजा.

वजनकाटा आणायचाच असेल तर जरूर आणा. फक्त हवालदाराला त्यावर उभं करण्यापूर्वी त्याच्या ड्यूटीचं रजिस्टर ठेवून बघा. जड काय आहे ते काटाच सांगेल.