फ्री बॉल बरोबर दिला होता, पण ते तपासायचं कुणी?

गोष्ट २०२५ च्या जूनमधली. मी नारायणगावला मामाकडे गेलो होतो. जेवण झालं आणि मामेभावाने मोबाईल माझ्या तोंडासमोर धरला. "दादा, तू सॉफ्टवेअरवाला ना? हे बघ. ॲपने मला फसवलं. सरळ सरळ चोरी आहे."

स्नूकरचं ॲप होतं. दोनशे रुपये लावून समोरच्या अनोळखी खेळाडूशी एक फ्रेम खेळायची, जिंकणाऱ्याला दोघांचे पैसे, मधलं कमिशन ॲपचं. पठ्ठ्या ४६ पॉइंटने पुढे होता. टेबलावर दोन रेड आणि सहा कलर उरले होते, म्हणजे जास्तीत जास्त ४३ पॉइंट. दोन रेडचे दोन, त्यांच्यासोबत दोनदा ब्लॅक मारला तर चौदा, आणि शेवटच्या सहा कलरचे २७. थोडक्यात, मॅच जिंकल्यातच जमा होती.

मग याचा शॉट रेडला लागलाच नाही. फाउल. समोरच्याला चार पॉइंट. तरी ४२ ची लीड होतीच. पण स्क्रीनवर 'फ्री बॉल' असं झळकलं. समोरच्याने थेट पुढ्यातला ब्राउन पॉट केला. ॲपने त्याला त्याचा एकच पॉइंट दिला, ब्राउन परत जागेवर आणून ठेवला आणि पुढच्या शॉटला ब्लॅक मारू दिला. शेवटी आमचा गडी सहा पॉइंटने हरला.

त्याची तक्रार दोन गोष्टींची होती. एक, रेड अर्धा दिसत होता, मग फ्री बॉल कशाचा? दोन, ब्राउन चार पॉइंटचा असतो, मग त्याला एक कसा दिला? दुसऱ्या मुद्द्यात खरं तर त्याचाच फायदा झाला होता, पण तो इतका तापला होता की तेही त्याला चोरीच वाटत होतं.

अर्धा दिसला म्हणजे दिसला नाही

फ्री बॉलमागचं कारण साधं आहे. तुम्ही फाउल केला आणि त्या फाउलमुळेच पांढरा बॉल अशा जागी जाऊन थांबला की समोरच्याला नीट खेळताच येत नाही, तर चूक करून तुमचाच फायदा झाला. तसं होऊ नये म्हणून समोरच्याला मुभा मिळते, टेबलावरचा कुठलाही बॉल 'हाच माझा रेड' म्हणून खेळायची. म्हणून ब्राउनचा एक पॉइंट. त्या क्षणापुरता तो रेड होता. तो पॉट झाल्यावर नेहमीसारखा एक कलर मारता येतो, आणि ब्राउन परत जागेवर येतो, कारण मुळात तो ब्राउनच आहे.

याचा हिशेब मोठा असतो. जादा एक रेड आणि त्यासोबत ब्लॅक, म्हणजे आठ पॉइंट. टेबलावरचे ४३ एका झटक्यात ५१ झाले. भावाची ४२ ची लीड तिथेच गेली. स्नूकरमध्ये १४७ हा सर्वांत मोठा ब्रेक असं आपण म्हणतो, पण २००४ मध्ये यूके चॅम्पियनशिपच्या क्वालिफायिंगमध्ये जेमी बर्नेटने १४८ चा ब्रेक केला, तो याच फ्री बॉलच्या जोरावर. सुरुवातीलाच फ्री बॉल मिळाला तर कागदावर १५५ पर्यंत जाता येतं.

आता खरा वाद. 'नीट खेळता येत नाही' म्हणजे नक्की काय? नियम असा आहे की जो बॉल मारायचा आहे, त्याच्या डाव्या आणि उजव्या दोन्ही टोकांना पांढरा बॉल सरळ रेषेत, मध्ये ज्याला मारायचं नाही अशा बॉलचा अडथळा न येता लागू शकला पाहिजे. असा एक जरी रेड असेल तर फ्री बॉल नाही. एकही नसेल तर फ्री बॉल. एकच टोक मोकळं असेल तरीही फ्री बॉलच. अडथळा कुशनच्या कोपऱ्याचा असेल तर मात्र धरत नाहीत.

जुन्नरच्या मुलांना हे मी टॉवरच्या भाषेत सांगतो. टॉवर शिवनेरीच्या पलीकडे आणि तुम्ही अलीकडे असाल तरी थोडीफार रेंज येते, कारण सिग्नल इकडे तिकडे आपटून येतो. तसं कुशनवर आपटून रेडला लागता येईलच. पण नियम ते विचारत नाही. सरळ रेषा मोकळी आहे का, एवढंच विचारतो.

इथे डोळा फसतो. आपण बघतो ती एक रेघ असते आणि बॉल ५२.५ मिलिमीटर जाडीचा. पांढऱ्या बॉलपासून निघताना एका बॉलएवढी वाट पुरते. पण रेडच्या दोन्ही टोकांना नुसतं घासून जायचं तर पांढरा बॉल रेडच्या डावीकडून पूर्ण आणि उजवीकडून पूर्ण मावला पाहिजे. म्हणजे रेडजवळ तीन बॉलची रुंदी हवी, जवळपास १५८ मिलिमीटर. इकडे अरुंद आणि तिकडे रुंद असा हा पट्टा. त्यात कुठल्याही कलरचा कोपरा आला की टोक अडलं. रेड पूर्ण 'दिसत' असूनही फ्री बॉल असू शकतो, तो यामुळे.

भावाच्या स्क्रीनशॉटवर मी पेन्सिल आणि पट्टी घेऊन बसलो. ॲपमध्ये टेबल वरून दिसत होतं, त्यामुळे काम सोपं होतं. एक रेड ब्राउनच्या आड, दुसऱ्याचं डावं टोक पिंकमुळे बंद. ॲपचा निर्णय बरोबर होता. तो म्हणाला, "मग माझीच चूक?" मी म्हटलं, हो, या वेळी.

'या वेळी' का म्हणालो

प्रोग्राम लिहिणाऱ्याच्या दृष्टीने हा नियम सोपा आहे. प्रत्येक रेडसाठी दोन रेषा काढा, प्रत्येक कलरचं केंद्र त्या रेषेपासून किती लांब आहे ते मोजा. ५२.५ पेक्षा कमी भरलं तर रेषा अडलेली. शंभरेक ओळींचा कोड. अडचण येते ती अगदी काठावर. अंतर ५२.४९९९ आलं तर? कॉम्प्युटर दशांश अपूर्णांक साठवताना बारीकशी चूक करतोच, म्हणून आम्ही प्रोग्रामर थोडी सूट ठेवतो. ती किती ठेवायची, हे कोड लिहिणारा ठरवतो, आणि ती खेळणाऱ्याला कुठेच दिसत नाही.

खऱ्या टेबलावरही काठावरचे निर्णय असतात. तिथे रेफरी वाकून बघतो आणि डोळ्याने ठरवतो. चुकूही शकतो. पण तो चुकला तर बघणाऱ्यांना ते दिसतं. आमच्या जुन्नर-आंबेगावच्या बैलगाडा घाटांचंच घ्या. इथे गाडे एकामागून एक सुटतात आणि सगळा निकाल सेकंदावर. घड्याळातला आकडा लाऊडस्पीकरवर पुकारला जातो, वाद झाला तर तो अख्ख्या घाटासमोर होतो. शेजारचा माणूस स्वतःच्या मोबाईलवर वेळ लावून उभा असतो. कुणी उगीच सेकंद खाल्ला तर पचणं अवघड.

ॲपमध्ये घाटही त्यांचा, घड्याळही त्यांचं आणि पुकारणाराही तोच. भावाच्या बाबतीत मला तपासता आलं, कारण बॉल स्क्रीनवर दिसत होते. पण त्याचा मूळ शॉट रेडला का चुकला? बॉल किती घसरतो, कुशन किती उसळी देतं, हे सगळं कोडमध्ये. समोरचा अनोळखी खेळाडू माणूस होता की बॉट? हेही मी स्क्रीनशॉटवरून सांगू शकत नव्हतो.

२०२५ मध्ये ऑनलाइन मनी गेमवरून जो गदारोळ झाला, त्यात मला हाच मुद्दा कमी ऐकू आला. कंपन्यांचं म्हणणं वर्षानुवर्षं एकच, आमचा खेळ कौशल्याचा, नशिबाचा नाही, म्हणून जुगार नाही. आधार जुना आहे. सुप्रीम कोर्टाने रमीला कौशल्याचा खेळ म्हटलं ते १९६० च्या दशकात. पण तेव्हा पत्ते खेळणाऱ्यांच्या हातात होते. स्नूकर तर रमीहून कितीतरी जास्त कौशल्याचा, यात वादच नाही. पण ज्या टेबलाचा उतार फक्त मालकाला माहीत आहे, त्या टेबलावर तुमचं कौशल्य किती उरतं?

ऑगस्ट २०२५ मध्ये संसदेने ऑनलाइन गेमिंगचा कायदा केला आणि २२ ऑगस्टला राष्ट्रपतींची सही झाली. त्याने हा वादच बाजूला ठेवला. कौशल्य असो वा नशीब, पैसे लावून पैसे जिंकायचा ऑनलाइन खेळ चालवायला बंदी. चालवणाऱ्याला तीन वर्षांपर्यंत कैद आणि एक कोटीपर्यंत दंड, जाहिरात करणाऱ्याला दोन वर्षं आणि पन्नास लाखांपर्यंत. खेळणाऱ्याला शिक्षा नाही. ई-स्पोर्ट्स आणि बिनपैशाचे खेळ चालू. कायद्याविरुद्धच्या याचिका पुढे सुप्रीम कोर्टाकडे वर्ग झाल्या.

मला हा कायदा अर्धा पटतो. दोनशे-दोनशे करून गावाकडच्या पोरांचे पैसे कसे जातात ते मी घरात पाहिलंय. पण बंदीमुळे एक दारही बंद झालं. 'तुमचा कोड, तुमचं फिजिक्स बाहेरच्या माणसाला तपासू द्या' अशी अट घालता आली असती, ती आता घालायची कुणाला? मोठ्या कंपन्यांनी पैशाचे खेळ थांबवले, आणि भावाच्या टेलिग्रामवर एपीकेच्या लिंक येऊ लागल्या. प्ले स्टोअरवर नाही, कंपनीचा पत्ता नाही, पैसे कुणाच्या तरी यूपीआय आयडीवर टाकायचे. तिथे फ्री बॉल चुकीचा दिला तर तक्रार कुणाकडे करणार? अशी एपीके टाकताना ती एसएमएस वाचायची परवानगी मागते का, एवढं तरी बघा. स्नूकर खेळायला तुमचे ओटीपी लागत नाहीत.

भाऊ आता पुण्यात शिकतो आणि मित्रांसोबत खऱ्या टेबलावर खेळतो. मागच्या आठवड्यात त्याने व्हॉट्सॲपवर फोटो पाठवला. "दादा, फ्री बॉल आहे का? पटकन सांग, भांडण लागलंय." फोटो टेबलाच्या बाजूने, उभ्याने काढलेला. मी लिहिलं, यावरून सांगता येणार नाही, पांढऱ्या बॉलच्या मागे खाली बसून काढ. पाच मिनिटांनी उत्तर आलं, "राहू दे, त्यानेच बसून बघितलं. नाहीये म्हणाला."