बिल गेलं कुठे?

महिनाअखेर आली की प्रत्येक ऑफिसात एक फोन हमखास वाजतो. "सर, आमचं बिल पोचलं का?" पलीकडे असतो एखादा छोटा व्हेंडर. कोणी प्रिंटर, कोणी केटरर, कोणी आपल्या ऑफिसचे एसी सांभाळणारा. आपलं उत्तरही ठरलेलं, "प्रोसेसमध्ये आहे." हे म्हणजे कॉर्पोरेट जगातलं "बघू या"! त्यातून ना हो कळतं, ना नाही.

तुम्ही म्हणाल, आता सगळं ऑनलाइन झालंय ना? ई-इन्व्हॉइस आलंय की! आलंय, बॉस. पण त्याचा फंडा नीट समजून घ्या. १ ऑक्टोबर २०२० ला ५०० कोटींच्या वर उलाढाल असलेल्या कंपन्यांपासून सुरुवात झाली. १ ऑगस्ट २०२३ पासून ५ कोटींच्या वरच्या बहुतेक सगळ्यांना, दुसऱ्या धंद्याला बिल देताना, ते सक्तीचं झालं. विकणाऱ्याने बिलाची माहिती ठरलेल्या साच्यात सरकारमान्य पोर्टलवर चढवायची. पोर्टल ती तपासून ६४ अक्षरांचा एक नंबर आणि क्यूआर कोड देतं. चूक निघाली तर २४ तासांत तिथेच रद्द करायची सोय. बोगस बिलांना चाप बसतो, रिटर्नमध्ये आकडे आपोआप येतात. एकदम सॉलिड.

मेख पुढे आहे. या बिलाचा जन्मदाखला सरकारकडे जातो, पण ज्याने पैसे द्यायचे त्याच्या सिस्टीममध्ये ते स्वतःहून जाऊन बसत नाही! खरेदीदार जीएसटी पोर्टलवरून ते उतरवून घेऊ शकतो, पण त्यासाठी त्याने तिथे जायला हवं. एरवी आपलं तेच. पीडीएफ काढा, ईमेल करा, मग समोरचा कोणीतरी तेच आकडे पुन्हा टाइप करणार. बड्या कंपन्या स्वतःच्या पोर्टलवर अपलोड करायला लावतात. दहा गिऱ्हाइकं, दहा पोर्टलं, दहा पासवर्ड. डोक्याला जाम ताप!

माझा एक मित्र भोसरीत प्रेस पार्ट्स करतो. सहा कामगारांचं वर्कशॉप. मागे एका मोठ्या कंपनीकडे त्याचं बिल पन्नास दिवस लटकलं. कारण काय, तर पीओ नंबरातला एक डॅश राहिला होता. सिस्टीमने बिल बाहेर फेकलं आणि त्याला कोणी सांगितलंच नाही. तो समजत होता पैसे निघतायत, कंपनी समजत होती बिल आलंच नाही. त्या महिन्याचे पगार त्याने ओव्हरड्राफ्टवर केले. डॅश एक, व्याज मात्र चांगलं चार आकडी.

युरोपात यावर एक उपाय निघाला. नाव पेपोल. २००८ मध्ये सरकारी खरेदीसाठी प्रोजेक्ट म्हणून सुरू झाला. कल्पना आपल्या यूपीआयसारखीच. तुमच्याकडे गूगल पे, भाजीवाल्याकडे फोनपे, तरी पैसे पोचतातच ना? तसंच इथे. तुमचं अकाउंटिंग सॉफ्टवेअर कुठलंही असो, तुमचा सर्व्हिस प्रोव्हायडर समोरच्याचा पत्ता डिरेक्टरीत शोधतो, त्याच्या प्रोव्हायडरकडे बिल पोचवतो आणि ते थेट त्याच्या सिस्टीममध्ये उतरतं. पुन्हा टायपिंग नाही. "मिळालं", "नाकारलं", "मंजूर", "पैसे दिले" अशी उत्तरं परत पाठवायचीही सोय आहे. सिंगापूरने २०१९ मध्ये हीच वाट धरली. बेल्जियममध्ये तर १ जानेवारी २०२६ पासून देशातल्या धंद्याधंद्यांत ई-इन्व्हॉइस सक्तीचं झालं. नुसती पीडीएफ मेल करून भागत नाही.

आपल्याकडे काहीच नाही असं मात्र नाही. २०१७ पासून ट्रेड्स नावाचे प्लॅटफॉर्म चालू आहेत. व्हेंडरचं बिल कंपनीने तिथे मान्य केलं की बँका त्यावर बोली लावतात. व्हेंडरला पैसे लगेच, बँकेला कंपनीकडून ड्यू डेटला. २०२४ मध्ये सरकारने २५० कोटींच्या वर उलाढाल असलेल्या कंपन्यांना तिथे नोंदणी बंधनकारक केली. शिवाय २००६ चा एमएसएमई कायदा आहेच. सूक्ष्म आणि लघु उद्योगांचे पैसे लेखी करार असला तरी जास्तीत जास्त ४५ दिवसांत, करार नसेल तर १५ दिवसांत द्यायचे. उशीर झाला तर बँक रेटच्या तिप्पट व्याज, तेही दरमहा चक्रवाढ!

पण मंडळी, कायदा असो की नेटवर्क, गाडी शेवटी एका क्लिकवर अडते. "मान्य". आणि तो क्लिक बऱ्याचदा आपल्यासारख्याच कोणाच्या तरी हातात असतो. काम दिलंत तर पीओ नंबर लेखी कळवा. बिल आलं की त्याच दिवशी बघा. नाकारायचं असेल तर बेलाशक नाकारा, पण कारण लगेच सांगा. समोरचा तासाभरात दुरुस्त करून पाठवेल.

शुक्रवारी पार्टीला निघण्याआधी अप्रूव्हलची ती लांबलचक लिस्ट एकदा उघडाच. तुमचा वीकेंड मस्त जाईलच, पण कुठल्यातरी वर्कशॉपमधल्या सहा जणांचाही जाईल.